उणे भावाचा गॅस

२०२१-२२ चा गाळप हंगाम मराठवाड्यातला ऊसवाला सहजी विसरणार नाही. पाऊस चांगला झाला होता, लागवड वाढली होती, ऊस तरारून आला होता. आणि नेमका म्हणूनच तो रानात वाळत उभा राहिला. लागवड वाढली तरी कारखान्यांची गाळप क्षमता वाढली नव्हती. तोडणीला टोळी मिळेना, मुकादम फोन उचलेना, उसाला तुरे येऊन गेले, मे उलटला तरी गव्हाणी चालूच होत्या. शेवटी लांबच्या कारखान्याला ऊस धाडता यावा म्हणून सरकारला वाहतूक अनुदान द्यावं लागलं. मुरुम-उमरग्याच्या पट्ट्यात ज्यांनी तो उन्हाळा काढला, त्यांना अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली एक विचित्र वाटणारी गोष्ट चटकन कळेल.

पश्चिम टेक्सासच्या माळरानावर वाहा नावाचं एक ठिकाण आहे. नैसर्गिक वायूच्या बऱ्याच पाइपलाइन तिथे एकमेकींना मिळतात, म्हणून त्या भागातल्या गॅसचा भाव वाहाच्या नावाने निघतो. एप्रिल २०१९ मध्ये हा भाव शून्याच्या खाली गेला. काही सौदे तर दर एमएमबीटीयूला (गॅस मोजण्याचं हे उष्णतेचं माप) उणे नऊ डॉलरच्या आसपास झाले. म्हणजे गॅस काढणाराच घेणाऱ्याला म्हणत होता, गॅस ने आणि वर हे पैसेही घे. करोनाच्या काळात, २० एप्रिल २०२० ला, अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर बंद झाला होता, त्याची बातमी जगभर गाजली. पण ती एका दिवसाची गंमत होती. वाहाला उणे भाव अंगवळणी पडला आहे. २०२४ मध्ये तिथे जवळपास निम्मे व्यवहाराचे दिवस भाव शून्याखाली होता, आणि २०२५ मध्येही तो पुन्हा खाली गेलाच.

ज्या भागात हे घडतं त्याला पर्मियन खोरं म्हणतात. पश्चिम टेक्सास आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोचा आग्नेय कोपरा मिळून ते होतं. २०१० मध्ये तिथून दिवसाला दहा लाख पिंपांच्या आसपास तेल निघत होतं. २०२४ मध्ये ते साठ लाखांच्या पुढे गेलं. जमिनीखालचा शेल खडक चिकणमातीच्या गाळापासून बनलेला, इतका घट्ट की त्यातलं तेल आपणहून विहिरीकडे वाहत नाही. मग विहीर दोन-तीन किलोमीटर खाली नेऊन आडवी वळवायची, खडकाच्या थरातून तेवढीच किंवा त्याहून लांब पुढे न्यायची आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने घुसवून खडकाला भेगा पाडायच्या, असं तंत्र निघालं. (आपल्याकडे असं काही सापडेल का, असा प्रश्न मनात आला असेल तर उत्तर किल्लारीत मिळतं. १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर काळा बेसाल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक आणि लगेच अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटसारखा पाषाण. तेलाला गाळाचे किलोमीटरभर जाड थर लागतात. तेव्हा या भागाने तेलाची आशा न धरलेली बरी.)

पर्मियनमधला गॅस कुणाला मुद्दाम हवा असतो असं नाही. तो तेलाबरोबर येतो. जमिनीखालच्या दाबात तो तेलात विरघळलेला असतो आणि दाब कमी झाला की बाहेर पडतो. विहीर जुनी होत जाते, तसं तेल भराभर घटतं, गॅस मात्र तितक्या वेगाने घटत नाही. त्यामुळे दर पिंपामागचा गॅस वर्षागणिक वाढत जातो. तेलाचं उत्पादन जागच्या जागी थांबलं तरी गॅसचं वाढू शकतं. आज पर्मियनमधून दिवसाला सत्तर कोटी घनमीटरहून जास्त गॅस निघतो. अख्खा भारत दिवसाला जेवढा वापरतो त्याच्या तिपटीहून जास्त.

उणे भाव पत्करूनही लोक विहिरी का खोदतात, याचा हिशोब सोपा आहे. पर्मियनमध्ये सरासरीने एका पिंपामागे साधारण चार एमएमबीटीयू गॅस निघतो. गॅसचा भाव उणे दोन डॉलर असला तर पिंपामागे आठ डॉलरचा फटका. तेलाचं पिंप सत्तर-पंचाहत्तर डॉलरला जात असेल, तर आठ डॉलर हा कचरा उचलण्याचा खर्च समजून सोडून देता येतो. विहीर बंद केली तर आठ वाचतील आणि सत्तर जातील. म्हणून बंद कुणी करत नाही. गॅस जाळून टाकणं सर्वांत स्वस्त, पण त्याला परवाना लागतो आणि मर्यादाही असते. टेक्सासमध्ये हा परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव अजून ‘रेलरोड कमिशन’ आहे. रेल्वेवर देखरेख ठेवायला १८९१ मध्ये ती स्थापन झाली आणि तिच्याकडे आता रेल्वे सोडून बाकी सगळं आहे.

या व्यवहारात कमावणाराही असतो. पाइपलाइनमध्ये ज्याने आधीच जागा राखून ठेवली आहे, तो वाहाला पैसे घेऊन गॅस उचलतो आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर पैसे घेऊनच विकतो. दोन्ही हातांनी. पाइपातली जागा हाच तिथे सगळ्यात महाग माल होऊन बसला आहे.

तेलाचंही २०१८ मध्ये काही काळ असंच झालं होतं. पाइपलाइन भरल्या, पर्मियनच्या मिडलंड शहरातला तेलाचा भाव किनाऱ्यावरच्या भावापेक्षा पंधरा-वीस डॉलरने पडला, ट्रक आणि रेल्वेने तेल वाहायची धावपळ झाली. पण तेल टाकीत साठवता येतं, टँकरमध्ये ओतता येतं. गॅसचं तसं नाही. एक लिटर तेलात जेवढी ऊर्जा, तेवढ्यासाठी साधारण एक हजार लिटर गॅस लागतो. तो दाबून भरायचा तर जाड पोलादी सिलिंडर हवेत. द्रवरूप करायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत गार करावा लागतो, मग तो सहाशे पटींनी आकसतो, पण त्यासाठी अब्जावधी डॉलरचा प्रकल्प लागतो, तोही समुद्रकाठी. मधल्या माळावर असलेल्या गॅसला एकच वाट, पाइप.

आता पाइपच्या आत डोकावू. गॅस पाइपमधून दाबाच्या फरकाने वाहतो. पाइपच्या भिंतीशी घर्षण होऊन दाब कमी होत जातो, म्हणून दर शंभरेक किलोमीटरवर कॉम्प्रेसर बसवून तो पुन्हा वाढवायचा. जुन्या पाइपातून थोडा जास्त गॅस रेटायचा तर कॉम्प्रेसर वाढवता येतात, काही टप्प्यांत शेजारी दुसरा पाइप जोडता येतो. पण पाइपचं पोलाद किती दाब सोसेल याला मर्यादा आहे. खरी किमया व्यासात असते. व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबात दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, साडेपाच पटींहून जास्त गॅस जातो. खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. चर थोडाच मोठा खणायचा असतो, जमीन जवळपास तेवढीच घ्यायची असते. म्हणून कुणी बारका पाइप टाकून दोन वर्षांनी दुसरा बारका टाकत बसत नाही. एकदम मोठा टाकतात. २०१९ च्या सप्टेंबरात पर्मियनमध्ये ‘गल्फ कोस्ट एक्स्प्रेस’ सुरू झाली, २०२१ मध्ये ‘पर्मियन हायवे’ आणि ‘व्हिसलर’, २०२४ च्या शरदात दिवसाला सात कोटी घनमीटर नेणारी ‘मॅटरहॉर्न एक्स्प्रेस’. विहिरींचं उत्पादन चढणीसारखं हळूहळू वाढतं, पाइपची क्षमता पायऱ्यांसारखी उडी घेते. प्रत्येक पायरीनंतर भाव सावरतो, खोदणारे निर्धास्त होतात, पुन्हा पाइप भरतो.

दोहोंच्या वेगातही अंतर आहे. आडवी विहीर खोदायला दोन-तीन आठवडे लागतात, भेगा पाडून उत्पादन सुरू व्हायला आणखी काही महिने. पाइपलाइनला जमीन, परवाने, कोर्टकज्जे धरून तीन-चार वर्षं सहज लागतात. शिवाय पाइपलाइनवाला कुदळ मारायच्या आधी गॅसवाल्यांकडून करार मागतो. दहा वर्षं इतकी जागा मी राखून ठेवतो, गॅस पाठवला नाही तरी भाडं देईन, असा. शेल विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं. ती खोदणारा दहा वर्षांच्या करारावर सही करायला कचरतो. जो तो दुसऱ्याने सही करावी म्हणून थांबतो. त्यामुळे ‘पाइपलाइन अपुरी पडली’ ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. ती अपुरी पडणार हे खोदणाऱ्याला ठाऊक होतं. गॅस जाळण्याची किंवा फुकट देण्याची झळ त्याला फारशी बसत नव्हती, म्हणून त्याने थांबायचं कारण नव्हतं.

झळ इतरांना बसते. उत्तरेला नॉर्थ डकोटातल्या बाकेन भागात २०११ च्या सुमारास तेल असंच उसळलं आणि निघालेल्या गॅसपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जाळला जाऊ लागला. उपग्रहांच्या रात्रीच्या छायाचित्रांत ते ओसाड गवताळ रान महानगरासारखं उजळलेलं दिसे. तेल न्यायला पाइप नव्हता, म्हणून ते रेल्वेने निघालं. ६ जुलै २०१३ च्या पहाटे बाकेनचं तेल वाहणारी एक मालगाडी कॅनडात उतारावरून सुटली, लाक-मेगांटिक गावात रुळावरून घसरली आणि पेटली. ४७ माणसं गेली. पुढे डकोटा अ‍ॅक्सेस पाइपलाइन आली, तर स्टँडिंग रॉकच्या मूळ रहिवाशांनी आमच्या पाण्याखालून ती नको म्हणून २०१६ मध्ये महिनोन्‌महिने ठाण मांडलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

पूर्वेला तऱ्हा आणखी वेगळी. पेनसिल्व्हेनियाचं मार्सेलस हे अमेरिकेतलं गॅसचं मोठं आगर. तिथून काही शे किलोमीटरवरच्या बोस्टनला पुरेशी पाइपलाइन नाही, कारण वाटेतल्या राज्यांनी परवाने दिले नाहीत. जानेवारी २०१८ च्या कडाक्यात बोस्टनजवळच्या एव्हरेट बंदरात द्रवरूप गॅसचं एक जहाज लागलं. त्यातला काही गॅस रशियातल्या यमालचा होता, ब्रिटनमार्गे आलेला. जगात सर्वाधिक गॅस काढणाऱ्या देशाने ध्रुवाजवळचा गॅस जाळून घरं गरम केली.

अमेरिकेला हसून झालं असेल तर मुंबईकडे वळू, कारण हा खेळ आपण आधी खेळलो आहोत. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, ‘सागर सम्राट’ या खोदाई-फलाटाने फेब्रुवारी १९७४ मध्ये खोदाई केली आणि बॉम्बे हायचं तेल सापडलं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल चौपट महागलं होतं, परकीय चलनाची चणचण होती. देशाला थांबायला वेळ नव्हता. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरूही झालं. समुद्रतळावरची पाइपलाइन तेव्हा नव्हती. तेल समुद्रातच तरंगत्या बोयाला बांधलेल्या टँकरमध्ये भरून आणत. त्याच्याबरोबर येणारा गॅस टँकरमध्ये भरता येत नाही. तो पेटवून दिला जाई. १९७८ मध्ये उरणपर्यंत दोन पाइप आले, एक तेलाचा, एक गॅसचा. उरणहून गॅस ट्रॉम्बेला गेला, खताला आणि विजेला. उरणलाच गॅसवर चालणारं वीज केंद्र उभं राहिलं. अलिबागजवळ रेवसला खत कारखाना काढायचं घाटत होतं. मुंबईच्या हवेची काळजी करणाऱ्यांनी हरकत घेतली, वाद बराच गाजला आणि कारखाना थोडा दक्षिणेला थळ-वायशेतला गेला.

पण तेलाचा वेग या सगळ्यापेक्षा जास्त होता. १९८४-८५ पर्यंत बॉम्बे हायचं उत्पादन वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात गेलं. गॅस उचलायला समुद्रात पुरेसे कॉम्प्रेसर नव्हते, पाइपात जागा नव्हती, किनाऱ्यावर पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. १९९०-९१ मध्ये देशात सुमारे १८ अब्ज घनमीटर गॅस निघाला, त्यातला पाच अब्जांहून जास्त जाळला गेला. चौथ्या हिश्श्याहून जास्त! त्याच सुमारास देशाची परकीय गंगाजळी आटली आणि सोनं गहाण टाकायची पाळी आली. इकडे अरबी समुद्रावर मशाली पेटलेल्या. गॅस जाळणं कमी व्हावं म्हणून १९९१ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज घेऊन समुद्रात आणखी पाइप आणि कॉम्प्रेसर बसवायचं ठरलं. १९७६ मध्ये जाळलेला गॅस मी समजू शकतो. तेव्हा तेल आधी, बाकी सगळं नंतर, असाच काळ होता. चौदा वर्षांनी तीच सबब चालत नाही.

ही मशाल वसईच्या गॅसक्षेत्राला लागली नाही, ते का, हेही पाहण्यासारखं आहे. दक्षिण वसईच्या क्षेत्रात तेल नाममात्र, गॅसच मुख्य. तिथला गॅस खडकात निवांत थांबू शकतो. नळ उघडला तर येतो. म्हणून सरकारला आधी वाट बांधून मग नळ सोडता आला. ऑगस्ट १९८४ मध्ये गेल कंपनी स्थापन झाली ती याच कामासाठी. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही सुमारे १,७०० किलोमीटरची पाइपलाइन दशकाच्या अखेरीस वाहू लागली आणि तिच्या काठाने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात खत कारखाने उभे राहिले. महाराष्ट्राच्या समुद्रातल्या गॅसवर उत्तर भारताचा युरिया पिकला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी बोलत नाही. तेलाबरोबर येणारा गॅस आणि सुटा गॅस यांतला फरक कळला की वाहाचं कोडंही निम्मं सुटतं. मार्सेलसचा गॅस सुटा आहे; पाइप भरला तर तिथली कंपनी विहिरीतून गॅस काढणं कमी करते. पर्मियनची कंपनी करू शकत नाही, किंवा करू इच्छीत नाही.

मग पाइप आधीच का टाकून ठेवत नाहीत? टाकला, आणि काय झालं तेही आपल्याकडेच दिसलं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रासाठी रिलायन्सने काकीनाड्यापासून तेलंगणा, कर्नाटक, महाराष्ट्र ओलांडून गुजरातेत भरूचपर्यंत जवळजवळ १,४०० किलोमीटरचा, ४८ इंची पाइप टाकला. दिवसाला आठ कोटी घनमीटरची क्षमता, म्हणजे मॅटरहॉर्नहूनही मोठी. २००९ मध्ये गॅस सुरू झाला, २०१० मध्ये दिवसाला सहा कोटींपर्यंत पोचला आणि मग खडकाने दगा दिला. उत्पादन इतकं घसरलं की अख्खा पाइप रिकामा वाटावा. २०१९ मध्ये ती पाइपलाइन ब्रुकफील्ड या कॅनडाच्या गुंतवणूकदार कंपनीच्या ट्रस्टकडे गेली. उरणचं ६७२ मेगावॅटचं वीज केंद्रही आता गॅस पुरेसा मिळत नाही म्हणून क्षमतेपेक्षा बरंच कमी चालतं. एकेकाळी ज्याला गिऱ्हाईक नव्हतं, त्याच गॅससाठी तिथे आता वाट पाहतात. पाइपलाइनवाला दहा वर्षांचा करार का मागतो, हे एवढ्यावरून कळावं.

आणि आपला धाराशिव जिल्हा? इथे गॅस निघत नाही, येतो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरगुती आणि गाड्यांच्या गॅसचा परवाना ज्या कंपनीकडे होता, ती २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या महानगर गॅसने घेतली. जिथे मोठा पाइप पोचत नाही, तिथे सीएनजी पंपाला ट्रकवरच्या सिलिंडरांनी गॅस पुरवायचा, अशी पद्धत आहे.

उलट, इथून बाहेर जाणारी ऊर्जा आहे ती वाऱ्याची आणि उन्हाची. कळंब, वाशी, भूमच्या माळांवर पवनचक्क्या वाढल्या आणि तिथे पाइपऐवजी तारेचा प्रश्न आला. पवनचक्की वर्ष-दीड वर्षात उभी राहते. ४०० केव्हीची वाहिनी आणि उपकेंद्र बांधायला त्याहून जास्त वेळ जातो. तारेत जागा नसेल तर पवनचक्की थांबवावी लागते. गॅसची मशाल लांबून दिसते, थांबलेली पवनचक्की मात्र वारा पडल्यासारखीच दिसते, म्हणून त्यावर कुणी लेख लिहीत नाही. राजस्थानात सौर प्रकल्पांची अशी अडवणूक सुरू झाली आहे. आपल्याकडे कळंबजवळ ५०० एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर असलेलं उपकेंद्र उभं राहिलं आणि परळी-पुणे ही ४०० केव्हीची वाहिनी त्यात वळवून घेण्यात आली. इंडिग्रिड या कंपनीने स्पर्धात्मक निविदेतून ते काम घेतलं. साधारण एक हजार मेगावॅट वीज त्यातून जाऊ शकते. अशा उपकेंद्रातली जागा हवी असेल, तर पवनचक्की उभारणाऱ्याला आधी केंद्रीय पारेषण कंपनीकडे अर्ज करावा लागतो आणि बँक हमी ठेवावी लागते. वीज ठरल्या वेळी आली नाही, तर ती हमी जप्त होऊ शकते.